चार नंबरचा हौद

कुडवा, ९ जुलै २०२४

चि. वीरेंद्र,

आशीर्वाद पत्राच्या माथ्यावर लिहितात. तुला तो माझ्याकडून हवा की नको हे कळत नाही, म्हणून खाली जागा उरली तर लिहीन.

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. बायकोला, रीताला, मात्र तुझा रोज फोन येते. ती आतल्या खोलीत बोलते आणि मी ओसरीवर बसून तिची बाजू तेवढी ऐकतो. "हो. जेवले. हो, खुर्चीवरच. नाही, काही नाही बोलले." हे माझ्याबद्दल असते इतकं मलाही समजते. बापाची चौकशी करायची आणि बापाशी बोलायचं नाही, ही तऱ्हा तू कुठे शिकलास? आपल्या मिलमध्ये तर नक्कीच नाही.

आपली मिल म्हणालो. सवय आहे. मिल इंद्रकुमार शेठची, मी फक्त तिचे धान भिजवायचे हौद सांभाळले, उसन्या म्हणजे उकड्या तांदळाचे. काम सोडून इतकी वर्षं झाली तरी लोक अजून 'उस्ताद' म्हणतात. तू त्याच हौदांवर लागलास तेव्हा मला वाटलं होतं, एक कडवं माझं झालं, पुढचं तू म्हणशील.

हसू नको. केशोरीच्या शाळेत गुरुजी कविता अशीच म्हणून घ्यायचे. खिडकीकडच्या पोरांनी एक ओळ म्हणायची, भिंतीकडच्यांनी पुढची उचलायची. मध्ये श्वासाइतकीही फट पडली की गुरुजी पट्टी टेबलावर आपटायचे. आम्ही ओळ तोंडातून सुटायच्या आधीच पलीकडच्यांच्या डोळ्यांत बघत असू. हौदावर मूठ देताना मला नेहमी तेच आठवायचं.

मुठीचा कायदा तुला पुन्हा सांगतो, कारण तू तो विसरला आहेस. पाळी संपवून जाणाऱ्यानं हौदातून भिजल्या धानाची मूठ काढायची, एक दाणा दाताखाली धरून बघायचा, आणि मूठ येणाऱ्याच्या तळहातावर ठेवायची. येणाऱ्यानंही दाणा चावायचा आणि म्हणायचं, "घेतला." त्या शब्दानंतर हौद त्याचा. त्याआधी त्यानं त्या हौदाला बोट लावायचं नाही. लावलं तर जाणाऱ्याला नालायक म्हटल्यासारखं होते. या कायद्यावर आम्ही भांडलो, रुसलो, एकमेकांच्या लग्नात जेवलो नाही, पण धान कधी आंबला नाही.

आणि तू काय केलंस? घनश्याम मूठ घेऊन उभा. माझ्या हाताखाली शिकलेला माणूस, तुझ्याहून मोठा. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "हात धुऊन ये, खर्रा लागून आहे." त्यानं ती मूठ तुझ्या पायाशी ओतली आणि निघून गेला. खर्रा लागलेला होता, हे मला मान्य. तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घोटून त्याचे तळहात पिवळे झाले आहेत. पण कोपऱ्यात घेऊन सांगता आलं नसतं?

मग तुम्हा दोघांचा अबोला सुरू झाला, आणि शेठनं नागपूरहून त्या प्रेरणा मॅडमना आणलं. टीम कशी बांधावी, भांडण कसं मिटवावं, याचं शिक्षण. मीही बघायला आलो होतो. खुर्च्या गोल मांडल्या, तर हमाल खुर्च्यांच्या शेजारी खाली बसले. मॅडमनं सुतळीचा गुंडा दिला. ज्याचे आभार मानायचे त्याच्याकडे फेका म्हणाल्या. गुंडा घनश्यामकडे आला. त्यानं एकदा तुझ्याकडे बघितलं आणि गुंडा खिशात घातला. "पोते शिवाले कामी येते," म्हणाला. सगळी मिल हसली. तू नाही हसलास.

बाई मात्र खोटी नव्हती. जाताना शेठला तिनं सांगितलं, या दोघांना समोरासमोर बसवा, वेळ लागेल, पण बसवा. शेठकडे तेवढा वेळ कुठला? त्यानं सोपा उपाय काढला. तुझी पाळी दोनला संपणार, घनश्यामची अडीचला सुरू होणार. दोघांनी एकमेकांचं तोंडच बघायचं नाही. मूठ बंद. हौदाची हालत भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर लिहायची. भांडण मिटलं, म्हणे.

मग एक दिवस तू चार नंबरचा हौद पाण्यानं भरलेला सोडून घरी आलास. बोर्डावर काही लिहिलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अख्खा हौद आंबून गेला. वास आपल्या चौकापर्यंत आला. शेठनं सगळ्यांना अंगणात उभं केलं, मला घरून बोलावलं आणि विचारलं, "उस्ताद, आप ही बताओ. पुराने कायदे से हौद किसका?"

मी म्हणालो, "ज्यानं हवाली केला नाही त्याचा. वीरेंद्रचा."

तू म्हणालास, मार्कर सुकला होता. पंचवीस-तीस माणसांसमोर माझ्या मुलानं हे कारण दिलं. मला लाज वाटली. अजून वाटते. तुला त्याच दिवशी काढलं, आणि तू घरी न जेवता गाडी पकडून दरेकशाच्या पलीकडे छत्तीसगडात कुठल्याशा मिलमध्ये जाऊन बसलास.

जागा उरली नाही.

पुनाराम

—

कुडवा, १८ ऑगस्ट २०२४

वीरेंद्र,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. पोचलं हे मात्र कळलं, कारण रीता फोनवर म्हणत होती, "वाचलं ना? मग झालं त."

आज कामाचं लिहितो. शेठ काल स्वतः घरी आला होता. ओसरीवर बसला, चहा अर्धा टाकला. म्हणाला, "उस्ताद, लड़का काम का है. नए सीज़न में ले लेता हूँ. बस घनश्याम से सबके सामने माफ़ी माँग ले, बात ख़तम." दिवाळीनंतर नवा धान यायला लागेल तोवर तुझी जागा तो भरत नाही. बदली माणूस लावला आहे, तोही पुढे ठेवायचा नाही म्हणतो.

मी आजच घनश्यामच्या घरी जाऊन आलो. तो म्हणाला, "येऊ द्या उस्ताद. मले का करायचं हाय त्याच्या माफीचं? पण येऊ द्या." तुझ्यापेक्षा मोठं मन आहे त्याचं. हे लिहिलेलं तुला बोचेल. बोचावं म्हणूनच लिहिलं.

घरी येऊन रीताला आनंदानं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माफी? कायची, मामाजी?"

"हौद आंबवला त्याची."

"एका मानसानं आंबवला? तेवढ्या मोठ्या मिलमधी एकाचंच नाक होतं का?"

मी म्हणालो, कायदा कायदा असते. त्यावर ती म्हणाली, "कायदा त शेठनं बंद केला होता ना. बोर्ड लावला होता. मंग ज्या कायद्यानं तुमी त्याले काढलं, तो सुरू होता का बंद होता?"

सासऱ्याशी असं बोलतात का? तुझी आई असती तर हा प्रसंग आला नसता. तुझी आई मला घाबरत नव्हती, पण भाजी निवडता निवडता मला आरोपी करत नव्हती.

सायकलच्या दांड्यावर बसून तू मिलमध्ये यायचास ते आज उगीच आठवून राहिलं. रस्त्याभर तुला कविता म्हणायला लावायचो. पावसाची, पाखरांची, त्या बैलजोडीची. तुला पाठ व्हायच्या लवकर, पण तू नेहमी शेवटची ओळ गिळायचास. मी विचारायचो, काऊन रे? तू म्हणायचास, "शेवटची ओळ म्हटली का ते सरते ना, बाबूजी."

असो. दिवाळीला ये. दोन शब्द बोलून टाक. तोंडाचं काही झिजत नाही.

पुनाराम

—

कुडवा, २३ सप्टेंबर २०२४

वीरेंद्र,

तुझी अट रीतानं मला सांगितली. शब्द तुझे, आवाज तिचा. म्हणे, "बाबूजींनी ज्या अंगणात, ज्या मानसांसमोर सांगतलं का हौद वीरेंद्रचा, त्याच अंगणात, त्याच मानसांसमोर सांगावं का मी चुकीचा निकाल दिला. मंग मी येतो. घनश्यामची माफीबी मागतो, त्याच्या हातच्या खर्र्यासकट मूठ घेतो."

म्हणजे तू माझ्याशी सौदा करून राहिलास.

मी हौदावर असताना कितीतरी निकाल दिले. ज्याच्याविरुद्ध निकाल दिला त्या मनिरामची बायको माझ्या दारात येऊन रडली तरी निकाल फिरवला नाही. म्हणून तर लोक मला विचारतात. शेठचा बाप मला विचारायचा, आता शेठ विचारतो. आपल्या केशोरीकडे वाडवडिलांनी तलाव बांधले, पाणी वाटून दिलं. पाणी वाटणाऱ्यानं आपल्या घरचं वावर आधी भिजवलं असतं, तर तलावाची पाळ पुढच्या पिढीला दिसली असती का? त्या दिवशी अंगणात मी तुला वाचवलं असतं तर उद्या माझ्या शब्दाला कोणी विचारलं असतं?

आणि निकाल चुकीचा नव्हता. हौद तुझा होता. तू तो दिला नव्हतास.

हे मी रीतालाही सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या शब्दाले मान हाय मामाजी, खरं हाय. घरात मानूस मात्र नाही."

मी त्या रात्री जेवलो नाही. तिनं ताट झाकून ठेवलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. तुम्ही दोघं एकमेकांना शोभता.

तुझी जागा अजून रिकामी आहे. शेठ विचारत होता.

पुनाराम

—

कुडवा, २० ऑक्टोबर २०२४

वीरेंद्र,

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. तीनदा कागद बाजूला सारला.

घनश्यामकडे गेलो होतो. म्हटलं, पोरगा हट्टाला पेटला आहे, निदान तू त्याला फोन कर, मोठा आहेस. तो अंगणात खर्रा घोटत बसला होता, मंदाबाई त्याच्या शेजारी तांदूळ पाखडत होती. बोलता बोलता मी म्हणालो, "एवढा मोठा हौद, आणि एका पाळीत हातचा गेला."

तर मंदाबाई सूप न थांबवता म्हणाली, "एका पाळीत कायचा? हे त रातच्यालेच घरी येऊन सांगत होते, उद्या वीरेंद्रची मजा हाय म्हणून."

मी घनश्यामकडे बघितलं. मला वाटलं तो बायकोवर खेकसेल, निदान खाली बघेल. त्यानं खर्रा गालात ठेवला.

"वास त मले आल्या आल्याच आला होता, उस्ताद," तो म्हणाला. "झाकन गरम होतं. पानी काढाले पायजे होतं."

"मग काढलं काऊन नाही?"

"मले कोनं दिला होता?" तो सरळ म्हणाला. "तुमीच शिकवलं ना, न दिलेल्या हौदाले बोट लावाचं नाही. मी माझे तीन हौद केले. चार नंबर त्याचा होता."

"बोर्डावर तरी लिहायचं."

"मार्कर सुकला होता."

मंदाबाई हसली. मला हसू आलं नाही, वीरेंद्र.

मी विचारलं, आणखी कोणाला माहीत होतं? तो बोटांवर मोजत गेला. बॉयलरवाला. ड्रायरवर होते ते दोघं. हमाल. "शेठबी आला होता चार वाजता. नाकाले रुमाल लावून त्याच हौदाच्या बाजूनं गेला. म्हणे, क्या बास मार रहा है आज? मी म्हटलं, चार नंबर, वीरेंद्रचा. म्हणे, अच्छा. आणि गेला."

म्हणजे त्या दुपारी अख्खी मिल त्या हौदाच्या भोवती फिरत होती. प्रत्येकाला माहीत होतं की तो सडतो आहे आणि कोणाचा आहे. दुसऱ्या दिवशी तीच माणसं अंगणात ओळीनं उभी होती. शेठनं मला विचारलं तेव्हा त्यांतल्या एकानंही तोंड उघडलं नाही. माझं एक वाक्य तेवढं त्या अंगणात ऐकू आलं.

मी घनश्यामला म्हणालो, "अरे, तू माझा माणूस. तुला धान सडताना बघवलं कसं?"

त्यानं पिवळे तळहात पुढे केले. मग म्हणाला, "उस्ताद, त्यानं सगळ्या मिलसमोर माह्या हाताले घान म्हटलं. त्या दिवशी तुमी कोठी होते?"

मी उठून आलो. मंदाबाई चहा ठेवते म्हणाली, नको म्हटलं.

शेठकडे गेलो. सगळं सांगितलं. तो मोबाइलमधून मान वर काढून म्हणाला, "उस्ताद, फ़ैसला आप ही ने तो दिया था. मैंने तो सिर्फ़ माना." इतकं गोड बोलला की बाहेर आल्यावर मला कळलं, त्यानं मला दाराबाहेर काढलं आहे.

पुनाराम

—

कुडवा, १४ नोव्हेंबर २०२४

वीरेंद्र,

दिवाळी गेली. दिवे रीतानं लावले. नवा धान मिलमध्ये येऊ लागला आहे, रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग आहे. तुझ्या जागेवर तो बदली पोरगा कायम झाला. शेठनं मला कळवलंही नाही, चौकात ऐकलं.

तेव्हा जागेचा विषय संपला. तुझी अट तेवढी उरली होती. जागा नाही, मग अट कशाला पुरी करायची, असं दोन दिवस मनाशी घोकलं. तिसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसलो आणि मिलमध्ये गेलो.

मी दोन वाजायच्या जरा आधी पोचलो. माझ्या डोक्यात जुनं चित्र होतं. पाळी बदलायची वेळ म्हणजे अंगणात जत्रा. जाणारे हातपाय धुऊन राहिले, येणारे डबे झाडाला टांगून राहिले, कोणी कोणाच्या पोरीचं लग्न विचारते, कोणी शिव्या देते, आणि हौदाजवळ दोन तळहात. म्हटलं, त्या गर्दीत उभा राहीन, दोन वाक्यं बोलीन आणि परत येईन. वाक्यं रस्त्याभर पाठ करत गेलो, शाळेत करायचो तशी.

दोनचा भोंगा झाला. माणसं एकेक करून निघाली. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, कानात मोबाइलची ती बोंडं घातलेली. सुटलेल्या पाळीतला यादोराव माझ्यासमोरून गेला, "नमस्कार उस्ताद" म्हणाला आणि गाडीला किक मारली. मी म्हटलं, थांब रे जरा. तो म्हणाला, "गेट बंद होते, उस्ताद. आता थांबता येत नाही. शेठचा नियम हाय, पहिली पाळी गेल्याशिवाय दुसरीनं आत याचं नाही." त्या बदली पोरानं बोर्डाकडे बघून काहीतरी खरडलं आणि तोही गेला.

अंगण रिकामं झालं. बॉयलरवाला आत होता, दार ओढून. बाहेर गेटपलीकडे अडीचच्या पाळीची माणसं झाडाखाली उभी असलेली दिसत होती, घनश्याम त्यांत होता. त्यांना आत यायचं नव्हतं आणि गेलेल्यांना परत यायचं नव्हतं.

वीरेंद्र, तुझी अट होती त्याच माणसांसमोर. ती माणसं आता कुठल्याच वेळी एका ठिकाणी नसतात. तुम्हा दोघांच्या भांडणापायी शेठनं जी फट पाडली, ती हळूहळू सगळ्या मिलमध्ये पसरली आहे. आता कोणाचं कोणाशी भांडण नाही. भांडायलाही माणूस समोर लागतो.

मी चार नंबरच्या हौदाजवळ जाऊन उभा राहिलो आणि मोठ्यानं बोललो. म्हणालो, हौद वीरेंद्रनं हवाली केला नाही हे खरं आहे. पण तो सडताना ज्यांनी ज्यांनी बघितला तो त्या सगळ्यांचा होता, आणि मी एकट्या वीरेंद्रचं नाव घेतलं. तो निकाल मी परत घेतो. पुनाराम, केशोरीवाला.

नाव सांगायची गरज नव्हती. पण साक्षीत नाव सांगावं लागते, म्हणून सांगितलं.

गेटवरचा चौकीदार धावत आला. "का झालं उस्ताद? कोनाशी बोलून राहिले?"

मी म्हणालो, कोणाशी नाही.

तो म्हणाला, "चला, मी पोचवून देतो. ऊन हाय." त्यानं माझा दंड धरला. गेटबाहेर घनश्यामनं आमच्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली. दंड धरून नेलेला म्हातारा बघायला त्याला आवडलं नसावं. किंवा आवडलं असेल, मला आता त्याच्याबद्दल काही सांगता येत नाही.

झालं ते असं झालं. ते तुझ्या अटीत बसते की नाही, तू ठरव. मी तुझ्याकडे दाद मागत नाही. तुझ्यावरचा माझा रागही गेलेला नाही. तू ती मूठ घ्यायला हवी होतीस, हात कसाही असो.

रीता शनिवारच्या गाडीनं तुझ्याकडे येऊन राहिली आहे, सामानासकट. ते तुम्ही दोघांनी फोनवर ठरवलंच असेल, मला आज कळलं. हे पत्र तिच्याच हाती देतो. तिच्याजवळ दोन पेट्या आणि तांदळाचं एक पोतं आहे, स्टेशनवर वेळेवर ये, तिला फलाटावर ताटकळत ठेवू नको.

मी येत नाही आहे. तिनं विचारलं होतं.

पुनाराम